यंत्राभोवतीचं पाणी

ती. बाबा,

रोज फिरायला निघण्याआधी तुम्ही फोन करता, "आज हवा कशी आहे गं?" मी आमच्या ऑफिसच्या, हवेतलं प्रदूषण मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा बघून सांगते, आणि तुम्ही दमा असूनही बिनधास्त जिना उतरता.

बाबा, त्या आकड्याआधी पाण्याचा टँकर येतो. यंत्राभोवतीची झाडं, रस्ता आम्ही धुऊन काढतो. तेवढ्यापुरती धूळ बसते, आकडा उतरतो. बाकी शहर तसंच धुरकट.

परवा धाप लागली तेव्हा तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "हवा चांगलीच आहे, माझी लेक हवा मोजतात तिथेच कामाला आहे. माझंच वय झालं." शेजारी उभ्या असलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज पुन्हा फोन आला. हातात पाण्याचा पाइप होता. मी म्हणाले, "चांगली आहे, या फिरून."

हे पत्र टाकायची छाती नसलेली,
तुमची धाकटी