गोठ्यापासून खड्ड्यापर्यंत

बाबा, आज सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालतोय. सून म्हणाली, "मामाजी, एका जागी बसत काहून नाही?" तिला काय सांगू? जे सांगायचं ते तुम्हाला होतं, आणि तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली.

आणीबाणीच्या सुमाराची गोष्ट. बुटीबोरीच्या पलीकडे एका गावात मी ढोरांचा डॉक्टर म्हणून नवा होतो. एका शेतकऱ्याच्या बैलाच्या शिंगात कॅन्सर, त्यात अळ्या पडलेल्या. बैल भिंतीला डोकं घासत उभा. शेतकरी म्हणाला, "सोडवा याले साहेब, पाहवत नाही." बांधाजवळ खोल खड्डा तयार होता, चुन्याचं पोतंही आणलेलं. जनावर चालतंय तोवर त्याला खड्ड्याच्या काठाशी न्यायचं आणि तिथेच मरणाची सुई द्यायची, हे कॉलेजात घोकलेलं. पण त्याचे हाल मला एक क्षण बघवेनात. मी गोठ्यातच औषध दिलं. तो शांत झाला आणि मी कपाळावर हात मारला. खड्डा शंभर पावलांवर, आणि उघड्यावर टाकावं तर औषधानं विषारी झालेलं ते मांस खाऊन कुत्री-गिधाडं मरणार.

शेतकरी चपला घालू लागला. "वस्तीतल्या दोघा-चौघाईले आणतो बोलावून. ओढाचं काम त्याईचंच हाये."

ती वस्ती आपल्याच लोकांची, बाबा. छप्पनला दीक्षा घेऊन आलात तेव्हा मेलेली ढोरं ओढायचा दोर तुम्ही चुलीत घातला होता. हे काम आता आपल्या घरात कोणी करणार नाही, असं सगळ्यांसमोर बोलला होतात. त्या वस्तीनंही ते सोडलेलंच होतं. ते नाही म्हणणार, गाव त्यांच्यावर उठणार, आणि चूक माझी. मी म्हणालो, "कोणालेच बोलावू नका. मी ओढतो, माझ्यासंगं तुम्ही धरा." त्यानं चपला काढून ठेवल्या. मग त्यानं दोर धरला.

घरी तुम्ही माझे सोललेले तळवे पाहिलेत. "हाताले काय झालं गा?" बैलानं हिसका दिला, म्हणालो. तुम्ही तेल चोळत म्हणालात, "तुले दोर धरा लागू नये म्हणूनच तर शिकवलं." मी मान हलवली आणि जेवायला बसलो.

तुमचा शब्द मोडला की राखला, अजून ठरत नाही. कागद फाडणारच आहे, म्हणून लिहितो. मागच्या पायांना गाठ कशी मारायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी तुम्हाला ती गाठ मारताना पाहिलं होतं, तेवढंच. शंभर पावलं ती सुटली नाही, आणि बाबा, मला त्याचा अभिमान वाटला.