तोंड मिटून काढलेला फोटो

प्रिय आई,
दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी ठीक आहे. या आश्रयकेंद्रात सोडवून आणलेली एकोणचाळीस माकडं आहेत. त्यांचे फोटो काढायचे, एवढंच माझं काम. पहिल्याच दिवशी स्टुडिओतल्या सवयीने मी एका म्हाताऱ्या माकडिणीकडे बघून हसलो. माकडांत दात दाखवणं म्हणजे भांडण उकरून काढणं. तिने जाळीतून माझं बोट दातांत धरलं.

राखणदार म्हणाला, "लग्नाचे फोटो काढतोस काय रे? दात झाक आधी."

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. चार इंजेक्शनं झाली, एकच राहिलं. शुद्धलेखन दोनदा तपासलंय.

बाबांचा खोकला थांबला का?

सोबत माझा फोटो आहे. तोंड मिटलेलं दिसेल, पण मी नाराज नाही. इथे असंच हसतात.

तुझा,
धाकटा