कोल्ह्याचा उतार

वेस्प्रेम, ३ मार्च २०१९

ती. स्व. लोरिंत्समामांस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी आधी, क्षेमकुशल नंतर. काल मी नाव घातलं. दोन वर्षांपूर्वी जिच्यात पडले तीच शर्यत, २७ जुलैची. चार किलोमीटरहून थोडं कमी पोहायचं, एकशेऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस पळायचं, आणि हे सगळं सोळा तासांत. बर्नाने ऐकलं आणि भांडी घासायला घेतली. बारा वर्षांच्या संसारात एवढं कळलंय की या नवऱ्याने आपणहून भांडी घासली तर तो रागावलेला असतो. नंतर म्हणाला की मांडीच्या हाडात सळी असलेल्या बाईने चव्वेचाळिसाव्या वर्षी गुपचूप बागकाम करावं. डॉक्टरांनी मात्र हाड पक्कं जुळल्याचं लेखी दिलंय. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आहे, दूध काढताना त्याला दिसावा म्हणून.

पोहणं परत आलंय. पळताना डावा पाय कुरकुरतो, पण पळतो. सायकलही चालू आहे. मी काम करते त्या औषधांच्या दुकानात सर्दी-खोकल्याची रांग लागलेली असते, त्यामुळे बसायला मिळत नाही, एवढंच.

या वर्षीही कोल्ह्याच्या उताराखाली शर्यतीतल्यांना पाव-कांदा देणाऱ्या टेबलावर तुम्हीच ना? तुमच्याइतका पातळ कांदा कुणी कापत नाही. मागच्या वर्षी मी नव्हते तरी टेबल झकास झाल्याचं तुम्ही लिहिलं होतंत. वाचून तोंडाला पाणी सुटलं होतं.

माया आहेच, ती टपालाने पोचत राहावी.
तुमची भाची,
एमोके


कोवाचदोम्ब, ११ मार्च

चि. एमोकेस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. बर्नाचं चुकत नाही आणि तुझंही चुकत नाही. भांडी तेवढी त्याच्याकडूनच घासून घेत जा.

दुखण्यातून उठून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एक खोड असते. पाय जरा बरे झाले की ते जुनं घड्याळ काढतात आणि जुना वेग शोधत बसतात. तू तसं करू नकोस. मी टपाल वाटायचो तेव्हा आजारपणानंतरचा पहिला आठवडा अर्धीच पिशवी घ्यायचो, आणि लोकांनी उशिराबद्दल बोंब मारली तर मारू द्यायचो. दर काही दिवसांनी काय केलंस ते मला लिहीत जा. फोनवर सांगू नकोस, फोनवर माणूस बढाया मारतो.

इकडे द्राक्षांची छाटणी चालू आहे. गुडघा पाऊस यायच्या आधी मला कळवतो. कोंबड्यांपैकी एक कोल्ह्याने नेली, तीही नेमकी अंडी देणारी.

बर्नाला आशीर्वाद. लोभात कसूर नसावी.
मामा


वेस्प्रेम, १३ मे

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी चार तासांत एकशेदहा किलोमीटर सायकल झाली. पहिल्या तासात जो वेग होता तोच चौथ्यात, अगदी काट्यावर मोजल्यासारखा. त्याआधी शनिवारी पळणं वीस किलोमीटर. पाय दुखला नाही. मला इतकं बरं वाटतंय की दुकानात खोकल्याचं औषध देताना गुणगुणत होते, आणि एका आजीबाईंनी मला तापाची गोळी घ्यायला सांगितली.

जर्दाळू कसे आहेत? थोडा मुरंबा माझ्या नावाने ठेवा. लोभ असू द्या, साखर कमी घाला.
एमोके


कोवाचदोम्ब, १७ मे

चि. एमोकेस,
अ. उ. आ.

जर्दाळूंचं विचारलंस. ते गेले. रविवारी, ज्यांच्या दिवशी मेमध्येही थंडी परतते म्हणतात त्या तीन संतांपैकी पहिला आला, पांक्रात्स, आणि येताना गारा घेऊन आला. अर्धा तास झोडपलं. हिरवी फळं सगळी जमिनीवर. पाद्रीबाबांच्या गाडीची काच फुटली. रेडिओवर सांगितलं की वेस्प्रेमपासून तळ्यापर्यंत सगळीकडे हेच झालं. तुझ्या पत्रात मात्र गारेचा एक खडा नाही.

पोरी, मी तेहतीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली. चार तासांत ज्याला एकदाही वारा समोरून लागला नाही, असा सायकलवाला मला अजून भेटायचाय. तुझ्या मार्चपासूनच्या एकाही पत्रात कुत्रा नाही, ट्रॅक्टर नाही, चढ नाही. तू तळघरात रोलरवर, जागच्या जागी सायकल चालवते आहेस, लोणच्याच्या बरण्यांसमोर. खरं की नाही?

तळघरात पाय तयार होतात, त्याला मी नाव ठेवत नाही. पण उतार तळघरात येत नसतो. रागावलो नाही. खरं तेवढं लिही.

तुझा,
मामा


वेस्प्रेम, २२ मे

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

खरं आहे. बरण्या अठरा आहेत, पाठ झाल्यात.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, पण मी ती अजून एकदाही रस्त्यावर नेलेली नाही. चारदा फाटकापर्यंत नेली. हात ब्रेकवर ठेवला की मला उतारावरचं ते तिसरं वळण दिसतं, अक्रोडाच्या झाडाचं, जिथे मी पडले. मग काहीतरी विसरल्याचं सोंग करून परत येते. बर्नाला माहीत आहे. तो परत भांडी घासायला घेतो, आणि तेच मला जास्त लागतं. मला वाटलं होतं की किलोमीटर पुष्कळ झाले की भीती आपोआप जाईल. मामा, मी तेवढी मूर्ख आहे.

पण वाचता मलाही येतं. मार्चमध्ये मी टेबलाचं विचारलं आणि तुम्ही गुडघा, कोंबडी, द्राक्षं सगळं लिहिलंत, टेबल सोडून. म्हणून परवा शर्यतीच्या नोंदणीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की मागच्या वर्षी टेबल शाळेच्या स्वयंपाकघरातल्या गिझीने सांभाळलं, आणि लोरिंत्सकाका माझ्या अपघातानंतर फिरकलेच नाहीत. मग मला लिहिलेलं ते झकास टेबल कुणाचं?

सौदा करते. मी रस्त्यावर येते, तुम्ही टेबलावर या. तुम्ही नाही म्हणालात तर मीही नाव काढून घेते.

लोभ आहे, पण या वेळी अटीवर.
एमोके


कोवाचदोम्ब, ३० मे

चि. एमोकेस,
अ. उ. आ.

पकडलंस. टपालवाल्याने खोटं पत्र लिहावं, याहून मोठी लाज नाही.

त्या दिवशी मी कांदा कापत होतो. तुझ्या पुढचे-मागचे सगळे खाली आले आणि तू येईना. मग वर एक रुग्णवाहिका गेली. मी स्वतःला सांगितलं की कुणी म्हातारा असेल, उन्हाने चक्कर आली असेल. ती भोंगा वाजवत खाली आली तेव्हा मला कळलं. सुरी कांद्यात तशीच ठेवून मी चालत घरी गेलो. कुठे नेलं हेसुद्धा विचारायची हिंमत झाली नाही. तुला सायकल मी शिकवली, आणि मीच तिथे उभा होतो. तेव्हापासून चर्चला जातानाही मी मागच्या रस्त्याने जातो.

सौदा मंजूर आहे.

आता कामाचं ऐक. त्या उतारावर मी तेहतीस वर्षं सायकलवरून उतरून चालत आलो, कारण पिशवी जड असायची. गावात मला कुणी भित्रा म्हणालं नाही. सायकलवर बसूनच खाली या असं शर्यतीच्या नियमांतही नाही, मी वाचलेत. सायकलच्या बुटांत चालता येत नाही, म्हणून पाठीवरच्या खिशात कापडी बूट ठेव आणि वाटलं तर चालत ये. मी मात्र टेबलामागून हलणार नाही. मी तुझ्या सायकलीला हात जरी लावला तरी तुला बाद करतील.

आशीर्वाद. मामा


वेस्प्रेम, २४ जून

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. काल बर्नाच्या मागे चौतीस किलोमीटर, उघड्यावर. वारा समोरून होता. एक पाळीव हंस पाठीस लागला. एका ट्रॅक्टरवाल्याने शिवी दिली, ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. उतार लागला की उतरून चालले. कापडी बूट चांगले आहेत. ते वळण अजून दिसतं, पण आता दिसत असतानाही हात ब्रेक दाबतो.

बाकी भेटीत, तुमच्या टेबलापाशी.
एमोके


वेस्प्रेम, ३० जुलै

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आज प्रथमच जिना उतरता आला, तोही उलटा.

सायकलच्या तीन फेऱ्यांपैकी पहिल्या फेरीला तुम्ही मला पाव दिलात, माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि एवढंच म्हणालात की यंदा कांदा फार तिखट आहे. तुमचे डोळे लाल होते, म्हणून मीही कांद्यावरच ढकललं. वरून चालत येताना चारपाच जणांनी विचारलं होतं की चाक पंक्चर आहे का. मी म्हणाले, चाक ठीक आहे, मी घाबरलेय. एकजण म्हणाला की तोही घाबरलाय, पण त्याच्याकडे बूट नाहीत. दुसऱ्या फेरीलाही चालले, ते तुम्ही पाहिलंतच.

तिसऱ्या फेरीला माथ्यावर पोचले तेव्हा पाच वाजले होते. तिथल्या पंचाने घड्याळ बघितलं आणि शांतपणे सांगितलं की साडेपाचला सायकलीचं फाटक बंद होतं, मग पळायला सोडत नाहीत, चालत गेलात तर पोचणार नाही. मी बूट काढायला खिशात हात घातला होता. तसाच बाहेर काढला. मामा, भीती गेली नाही. ती माझ्याबरोबर खाली आली. दोन्ही ब्रेक दाबून मी वळणं मोठ्याने मोजत आले आणि तिसऱ्या वळणावर अक्रोडाच्या झाडाला चक्क रामराम केला. पाच मिनिटं राखून फाटक गाठलं. त्यानंतरचं पळणं म्हणजे बर्नाच्या भाषेत चिकाटीचं रांगणं. रात्री साडेदहाला आठ मिनिटं कमी असताना संपलं, मुदतीच्या आत. बर्ना रडला आणि दोष गवताच्या परागांना दिला.

एकच हुरहुर राहिली. टेबलासमोरून जाताना मान वळवायची छाती झाली नाही, म्हणून तुम्हाला बघितलं नाही. तुम्ही मला बघितलंत ना? कशी दिसले ते सविस्तर लिहा.

दहा ऑगस्टला तुमचा नामदिवस. तुमच्या नावाचा संत त्या दिवशी कलिंगडात मुततो आणि मग ती पांचट होतात म्हणतात, तर त्याआधी एक चांगलं कापून ठेवा, आम्ही येतोय.

माया अशीच ठेवा, आता अट नाही.
एमोके


कोवाचदोम्ब, ३ ऑगस्ट

चि. एमोकेस,
अ. उ. आ.

कलिंगड विहिरीत सोडलंय. संतांच्या नादी लागू नकोस, जर्दाळूंचं काय झालं ते ठाऊक आहे ना.

शंभरदा शाबास. गावात मी सगळ्यांना सांगितलंय, ज्यांनी विचारलं नाही त्यांनासुद्धा.

कशी दिसलीस म्हणून विचारतेस. आता तुझ्याशी खोटं लिहिणार नाही. घड्याळ मीही बघत होतो. पाच वाजून गेले तेव्हा समजलो की तू येणार असलीस तर बसूनच येणार. गिझी म्हणाली, वर कुणीतरी येतंय, निळा शर्ट आहे. मी टेबलाची कड धरली आणि डोळे मिटून घेतले. ती दंडाला हलवत राहिली, मी उघडले नाहीत. चाकांचा आवाज जवळ आला, समोरून गेला, लांब गेला, आणि कुठेच थांबला नाही. मग लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मी खाली बसलो.

काल शर्यतीच्या मंडळाच्या कचेरीत जाऊन पुढच्या वर्षीच्या टेबलासाठी नाव घालून आलो. तू ये किंवा नको येऊस, मी तिथे असेन. आलीस तर डोळे उघडे ठेवीन.

या भित्र्या माणसावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
मामा