निरोप पोचवणारीला नोकरी

अहो,

नोकरी मिळाली! एग्मोरच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं, तेही आजपासूनच. दुपारचा वर्ग आहे म्हणून लगेच परत धावतेय. तुम्ही जेवायला याल तेव्हा मी घरी नसेन.

सकाळी मला शिकवून दाखवायला दिलं डायरेक्ट स्पीचचं इंडायरेक्ट. 'आय'चा 'ही' का होतो, 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे' का, काही केल्या मुलींच्या गळी उतरेना. हेडमिस्ट्रेसबाई मागच्या बाकावर बसलेल्या. मग मी फळ्यावर आपल्या घरातलीच वाक्यं इंग्रजीत लिहिली. मामंजी म्हणतात, "मी उद्या तंजावरला जाणार." तुम्ही म्हणता, "मी त्यांना अडवणार नाही." सासूबाई गेल्यापासून तुम्हा दोघांचं बोलणं मीच इकडून तिकडे पोचवतेय, त्यामुळे उदाहरणांना काय तोटा! मुली भराभर उत्तरं देऊ लागल्या. बाईंनी तिथंच हो म्हटलं.

एका मुलीनं मात्र विचारलं, "टीचर, हे दोघं एकाच घरात राहतात ना?" मी तिला पुढचं वाक्य करायला सांगितलं.

भात आणि सार झाकून ठेवलंय. मामंजी अजून जेवलेले नाहीत, तुमची वाट बघत बसलेत. नोकरीचं ऐकल्यावर ते तुमच्याबद्दल काहीतरी बोलले. ते मी इथं लिहीत नाही. त्यांनाच विचारा.

विशालाक्षी