आप्पांच्या बागेतलं चाक

३ ऑक्टोबर २००१
बागेच्या कमानीवर आज आप्पांचं नाव लागलं. काकू रिक्षातून उतरल्याच नाहीत. आतूनच बघितलं. "जिवंतपणी लोक भंगारवाले म्हणायचे त्यांना. आता कमान!"
आप्पा म्हणजे माझे मोठे काका. पितळेचे पत्रे लाटायचा जुना कारखाना बंद झाला, यंत्र भंगारात निघालं, तेव्हा ट्रकपुढे बसले होते. तेच यंत्र आता बागेत, चौथऱ्यावर. मोठं चाक अजून फिरतं. ढकललं की आधी रुसतं, मग चालतं.

५ ऑक्टो.
दम्यामुळे चौथीपर्यंत मला शाळा नव्हती. आप्पांनी शिकवलं, त्याच बंद कारखान्यात. गंजक्या पत्र्यावर खडूनं ग म भ न. भागाकार चाकाच्या दात्यांवर. तेलाचा वास, आणि पितळ घासायच्या चिंचेचा. धड्यात यंत्राचं चित्र आलं की म्हणायचे, "चित्र कुठंही मिळेल. आधी फिरवून ये, मग वाच."
आज चिंच निवडताना एकदम सगळं...

१२ ऑक्टो.
पालिकेचे इंजिनिअर साहेब भेटले. "मुलं पत्रे लाटायच्या रुळांत बोटं घालतील. चाकाला वेल्डिंग करून टाकतो. घरच्यांची हरकत नाही ना?"
"विचार करून सांगते."
"करा, करा. वेल्डर सांगून ठेवलाय."
म्हटलं, रुळांवर जाळी बसवा, चाक फिरू दे. जाळी मंजुरीत नाही म्हणाले.
एखाद्या पोराचं बोट खरंच गेलं तर? आणि चाक बंद झालं तर मग कमानीवर नाव तरी कशाला? काकूंना विचारलं. "त्यांच्याजवळ तू शिकलीस, तूच सांग. मी बोलायला गेले तर रडेन."
अजून सांगितलेलं नाही. गप्प राहणं म्हणजे होकारच की.

२० ऑक्टो.
नगरसेवकांनी उद्घाटन खंडेनवमीला ठेवलंय. पाहुण्यांच्या हस्ते चाक फिरवणार. कारखान्यातले जुने सदूभाऊ मिस्त्री हसत सुटले. "ताई, त्या दिवशी यंत्राची पूजा असती. पूजेला बसवलेलं यंत्र कोण फिरवतं? नवरदेवाला बोहल्यावरून पाणी आणायला धाडण्यातली गत!"
हे नगरसेवकांना कळवायला हवं. मी कोण कळवणारी, असं वाटलं, आणि राहिलं.

खंडेनवमी
सदूभाऊ आणि मंडळींनी पहाटेच यंत्र धुतलं, तेल दिलं. हळदकुंकू, झेंडूची माळ. सुंदर दिसत होतं.
नगरसेवक माईकवर, "आता आप्पांचं चाक फिरणार!" पाहुणे पुढे झाले. चाक जड, मदतीला कारागीर हवेत. एकही हलेना. सदूभाऊंनी हात जोडले, "साहेब, आज नाही. आज त्याला सुट्टी." लोक हसले. पाहुण्यांनी तरी हात पुढे केलाच, तेव्हा खुर्चीतून काकू, "हात लावू नका हो त्याला." इतक्या मोठ्यानं त्या कधी बोललेल्या आठवत नाहीत. पाहुण्यांनी आप्पांच्या फोटोला हार घातला आणि बसले.
इंजिनिअर साहेब माझ्या कानाशी, "बरंच झालं. कार्यक्रमाआधीच वेल्डिंग करून घेणार होतो, चाक फिरवायचंय हे मला कुठं ठाऊक. पण वेल्डरचंही मशीन पूजेला बसलंय म्हणे. आता दसऱ्यानंतर."

दसरा
सोनं द्यायला इंजिनिअर साहेबांच्या घरी गेले. वहिनींनी चहा दिला, श्रीखंडही. कप खाली ठेवून सांगून टाकलं, "माझी हरकत आहे."
"आणि पोराचं बोट गेलं तर? येणार तुम्ही उत्तर द्यायला?"
"येईन," म्हटलं. त्यांनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. "सोन्यासारखे राहा," म्हणाले फक्त.

२७ ऑक्टो.
वेल्डर सलीमभाई सकाळीच हातगाडीवर मशीन घेऊन हजर. मी सदूभाऊंकडून खिडकीची जुनी जाळी मागून नेली होती, तारेनं रुळांवर बांधत होते. चाकापाशी मुलांची रांग.
"ताई, साहेब बोलले चाकाला वेल्डिंगचा टाका मारायचा. तुम्ही बोलता जाळी. कुणाचं ऐकू?"
"साहेबांना फोन करा."
समोरच्या बूथवरून करून आले. "साहेब गावाला गेले. सोमवारी येणार. मी पण सोमवारीच येतो मग." जाताना जाळी ओढून बघितली. "ही तार नाय टिकणार ताई. तोपर्यंत इथंच उभ्या राहा."
रांगेतली पहिली मुलगी चाकाला हात लावून माझ्याकडे बघत होती. "फिरवू?"
"फिरव," म्हटलं, आणि जाळी दोन्ही हातांनी दाबून धरली.
उद्या रविवार. गर्दी असेल. लवकर जायला हवं.