डावा पाय सरळ टाक

बा, आज सकाळीही पळून आलो. भिसेगावच्या वाटेनं त्या मोठ्या आंब्यापर्यंत, आणि तसाच परत. पाठीवर थैली नाही, हातात काठी नाही, वेळेत पोचायचं कुठं नाही. पंचेचाळिशीला आलेला पोस्टातला माणूस धोतर खोचून उगाचच्या उगाच पळतो याचं लोकांना नवल वाटतं. पहिल्या वर्षी वाटेवरचा एक म्हातारा रोज विचारायचा, कोण गेलं रं? त्याला वाटायचं, मी कुणाच्या तरी मयताचा सांगावा घेऊन चाललोय. हल्ली विचारत नाही. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय अशी त्याची खात्री पटली असावी. मीही समजावत बसत नाही. समजावणार तरी काय, की माझा डावा पाय वाकडा पडतो, तो सरळ टाकायला शिकतोय, पंचवीस वर्षं झाली आणि अजून जमत नाही?

तुला अक्षर येत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं खांद्यावरून वाहिलीस, पण तुला स्वतःला कुणाचं पत्र आलं नाही, आणि आलं असतं तरी ते पोस्टमास्तरांकडूनच वाचून घ्यावं लागलं असतं. मला मात्र तू चौथीपर्यंत शिकवलंस. त्याच जोरावर आज मी कर्जतच्या पोस्टात पत्रांची छाटणी करतो, ज्या त्या गावच्या थैलीत ती घालतो, आणि हे लिहू शकतो. कर्जतच्या ठेसनात गाडीतून उतरलेली थैली घ्यायची, चार कोसांवर चौकला नेऊन तिथून पुढे पळणाऱ्या लोधिवलीच्या गड्याच्या हातात द्यायची, आणि तिकडची थैली घेऊन परत यायचं, हे तुझं हलकाऱ्याचं काम. कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा आणि हातात घुंगरांची काठी. घुंगरं जनावर दूर पळावं म्हणून असतात, हे सरकारचं म्हणणं. आईच्या लेखी ती तवा ठेवण्यासाठी होती. तू ओढ्याच्या पलीकडे असतानाच तिला ऐकू यायची. ती तवा चुलीवर ठेवी, तांदळाची पहिली भाकरी फुगेपर्यंत तू अंगणात आलेला असायचास.

तुझी घुंगरं इतरांसारखी वाजत नसत. दुसऱ्या हलकाऱ्यांची एकसारखी, सरळ वाजायची. तुझी दोनदा लागोपाठ वाजत, मग किंचित थांबत, मग पुन्हा दोनदा. मला इतरांची अळणी वाटायची. मी तुझ्या मागून कितीदा चाललोय, तुझं पळणं नुसतं बघत. डावा पाय तू बाहेरच्या कडेवर टाकायचास, बोटं जराशी बाहेर वळलेली, आणि तो पडला की उजवा खांदा खाली जायचा. बाकीचं सगळं तू मला आपणहून सांगितलंस. दम नाकानं घ्यायचा, तोंड मिटलेलं ठेवायचं. नजर दहा पावलांपुढे. चढाला पाऊल लहान करायचं, उताराला टाच रोवायची नाही, गुडघे जातात. पाय वाजला की समजायचं, कुठंतरी ताकद सांडतेय. पण त्या डाव्या पायाबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. मी मनाशी धरलं की खरी मेख तीच. चांगला गवंडीसुद्धा सगळं सांगतो आणि एक गोष्ट स्वतःपाशी ठेवतो. माझ्या बापाचं ते ठेवलेलं कसब आपण हेरलं, म्हणून मी आतल्या आत खूष होतो.

चौक ते खालापूर या टप्प्यावर जागा होणार असं कानावर आलं तेव्हा मी सोळाचा होतो. ती जागा मिळवायची असं मी ठरवलं आणि पुढची दोन वर्षं झपाटल्यासारखा पळालो. पिशवीत ओली माती भरून ती खांद्याला लावायची आणि शेतांच्या बांधांवरून पळायचं. ऊन तिरपं असलं की माझी सावली बाजूला पडायची. तिच्यात उजवा खांदा पुरेसा पडतोय की नाही हे मी बघत असे. ओढ्याकाठच्या चिखलात तुझ्या पायाचा ठसा असला तर त्याच्यात माझा पाय ठेवून बघायचो. कड जुळली नाही की दिवस वाईट जायचा. दुखायचं, बा. घोट्याच्या बाहेरून वर गुडघ्यापर्यंत एक कळ यायची. मला वाटायचं, अंगात कसब उतरताना दुखणारच.

एकदा तू मला पकडलंस. तू झोपलायस असं समजून मी तुझी काठी खुंटीवरून काढली होती आणि घुंगरं तुझ्यासारखी वाजतात का ते बघत बांधावरून पळत होतो. वाजलीसुद्धा. दोनदा, थांबा, दोनदा. मी इतका गुंगलो होतो की तू समोर येऊन उभा राहिलास तेव्हाच दिसलास. तू काठी हिसकावलीस आणि माझ्या पोटरीवर मारलीस. तू मला त्याआधी कधी मारलं नव्हतंस.

"माज्यासारका पळू नको. तुज्यासारका पळ."

एवढंच बोललास आणि पाठ फिरवून गेलास. मला तो मार लागला नाही, ते बोलणं लागलं. मला वाटलं, स्वतःचं कसब पोटच्या पोरालाही द्यायला माझा बाप तयार नाही. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. आईनं मधे पडून काहीबाही सांगितलं, तेही मी ऐकून घेतलं नाही. मग तू चौकला गेलास की मगच पळायला लागलो, आणि अधिकच तुझ्यासारखा पळायला लागलो.

आता आठवतं ते आपलं स्वैपाकघर. तू चुलीपाशी पाटावर बसलेला असतोस, डावा पाय घमेल्यात. आई निरगुडीचा पाला उकळलेलं पाणी त्याच्यावर ओतते आणि तू दात आवळून भिंतीकडे बघतोस. मी दारातून विचारतो, काय झालं? आई म्हणते, काय नाय रं, शिणलाय. रोज शिणायचा तो एकच पाय. आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की दोन पायांचा माणूस एकाच पायानं कसा शिणेल. मुलं बापाकडे बघतात पण त्याला पाहत नाहीत, दुसरं काय.

चाचणीचा दिवस तुला सांगायचाय. तू तेव्हा वाटेवर होतास, तुला दुसऱ्यांकडून कळलं. आम्ही दोघे उमेदवार होतो, मी आणि पळसदरीकडचा एक. टपालाचे तपासनीस साहेब पोस्टाच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते, बाजूला पोस्टमास्तर उभे. आम्हाला ठेसनापर्यंत आणि परत पळवलं. मी पहिला आलो, बराच पहिला. साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि डावा पाय दुखतोय का विचारलं. मी म्हटलं, नाही साहेब, ही आमच्या बाची चाल आहे. मला वाटलं शाबासकी मिळेल. साहेबांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले,

"तुझा बाप कसा पळतो ते नीट दाखव बरं. चढावर कसा, उतारावर कसा."

मी पळून दाखवलं. आजवर कुणी विचारलं तर मी इथपर्यंतच सांगत आलोय.

आठ दिवसांत तुला पोस्टात बोलावलं. धोतर वर करायला लावलं, टाच बघितली, दाबून बघितली. पायानं अधू, असं कागदावर लिहिलं आणि पट्टा ठेवून घेतला. त्या संध्याकाळी आईनं मला सगळं सांगितलं. मी सात-आठ वर्षांचा असताना उल्हास नदीच्या पुरात दगडांच्या बेचक्यात तुझी टाच सापडली होती. थैली डोक्यावर होती म्हणून तू हात खाली घेऊन पाय सोडवू शकला नाहीस, तसाच ओढून काढलास. थैली कोरडी पोचली. टाचेचं हाड मात्र तेव्हापासून कधी जागेवर आलं नाही. दहा-अकरा वर्षं तू ते लपवून पळालास, पाय असा टाकलास की टाच भुईला लागू नये. मी जिला कसब समजत होतो ती तुझी कळ होती. दोन वर्षं राबून मी माझ्या धडधाकट पायाला लंगडायला शिकवलं होतं. असला मूर्खपणा दुसऱ्या कुणाच्या पोरानं केला असेल असं वाटत नाही.

खालापूरचा टप्पा त्या दुसऱ्याला गेला. मला तुझा मिळाला. पहिल्या दिवशी तू ठेसनावर आलास, काठी टेकत, आणि पट्टा तू स्वतः माझ्या कमरेला बांधलास. पितळ पुसलेलं होतं. मी खाली मान घालून उभा. मला वाटत होतं, आता तू बोलशील, चार लोकांत बोललास तरी चालेल, पण बोल. तू बक्कल घट्ट केलंस आणि म्हणालास, "डावा पाय सरळ टाक." मग चौकच्या बाजारातून आणवलेल्या नव्या वहाणा माझ्यापुढे ठेवल्यास. स्वतः अनवाणी होतास.

त्या वहाणांचा डावा तळ चार महिन्यांत बाहेरच्या कडेला झिजून पातळ झाला. एकदा मी ओटीवरून पाहिलं. तू अंगणात बसून माझी डावी वहाण उलटी करून बघत होतास, झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होतास. मग ती उजव्या वहाणेशेजारी नीट जोडून ठेवलीस. मी आत सरकलो.

चार वर्षं तू त्या अंगणात बसलास. शेतात उभं राहवत नव्हतं, म्हणून दोर वळायचास, टोपल्यांचे काठ बांधायचास. मी ओढ्यापलीकडे आलो की घुंगरं वाजायची, दोनदा, थांबा, दोनदा, आणि आई म्हणायची की तू मान वर करून नुसतं "आला" म्हणायचास. तुझीच मोडकी चाल रोज तुझ्या दारात येत होती आणि ती घेऊन येणारा मी. मी खरंच प्रयत्न करायचो, बा. चौकच्या बाजूला, तुला ऐकू येणार नाही तिथं, पाय सरळ टाकून बघायचो. कोसभर जमायचं. मग दम लागला की पाय आपल्या वाटेला जायचा. पाचव्या वर्षी तू हगवणीत गेलास, तीन दिवसांत. तुला खांदा दिला तेव्हा मी डावीकडे होतो आणि मागचा माणूस सारखा म्हणत होता, हेलकावे देऊ नको रं. नंतर आणखी पाच वर्षं मी तुझा टप्पा पळालो. मग गुडघा धरला, आणि चौथी पास असल्यामुळे मास्तरांनी मला छाटणीवर बसवलं. माझ्यावर ती मेहेरबानी झाली. तुला चौथी नव्हती.

आई या वर्षी गेली. जाण्याआधी महिनाभर तिला जुनं बोलायला आवडायचं. एके दुपारी मी तिला पेज भरवत होतो तेव्हा ती सहज म्हणाली की तुझ्या बाला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. पट्टा काढून घेताना साहेबांनी तुला तोंडावर सांगितलं होतं, तुझ्याच पोरानं पळून दाखवलं म्हणून. तू घरी आलास, पाय घमेल्यात ठेवलास आणि तिनं माझ्या नावानं तोंड सोडलं तेव्हा तू तिला गप्प केलंस. काय म्हणालास तेही तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

"पोराला काय ठाव गं? ठाव असतं तर पळला नसता."

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि बाहेर गेलो. आईला वाटलं, मला तुझी आठवण आली.

बा, दुसऱ्यांदा पळायला सांगण्याआधी साहेबांनी पोस्टमास्तरांकडे जे पाहिलं, ते मी पाहिलं होतं. खुंटीवरची काठी, पोटरीवरचा मार, घमेलं, निरगुडी, तो एकच शिणलेला पाय, सगळं त्या ओट्यापुढे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात जुळलं. पाय सरळ टाकून पळालो असतो, तर साहेब म्हणाले असते, पोरगं उगाच काहीतरी बोललं. पण सरळ पळायचा मला सराव नव्हता. मी बेढब दिसलो असतो, कदाचित अडखळलो असतो, आणि तो पळसदरीचा तिथंच उभा होता. मला माझ्या पळण्याची काळजी पडली होती. म्हणून पळालो, तुझ्यासारखा, चढावर कसा आणि उतारावर कसा, आणि त्या दिवशीइतका चांगला मी जन्मात कधी पळालो नाही.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. उद्या सकाळी छाटणीला ते माझ्याच हातात येईल, आणि त्याला कुठल्या थैलीत घालायचं ते मला ठरवता येणार नाही. खिशात ठेवून भिसेगावच्या वाटेला जाईन. तू आईला सांगितलंस ते खरं नव्हतं, बा. मला ठाऊक होतं, आणि मी पळालो.