सूर मीच देणार

७ जानेवारी, बुधवार. सकाळी ९
सहावीत मी आणि राजलक्ष्मी एकाच वहीत बघून गायचो. तिची वही नेहमी घरी राहिलेली असायची. ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकायची आणि पान उलटायच्या आधी बोट जिभेला लावायची. मला किळस यायची. सिस्टर फिलोमेना पियानोचं झाकणसुद्धा उघडायच्या नाहीत. छताकडे बघून तोंडानेच सूर द्यायच्या, आणि आम्ही चाळीस मुली त्या सुरावर उभ्या राहायचो. एवढंच. आज पोहे भिजवताना आठवलं.

मीही सूर तोंडानेच देते. नेरूळला गाण्याचा वृंद सुरू केला तेव्हापासून, आणि आता उलव्याच्या क्लबहाऊसमध्येही. बावीस वर्षं. कीबोर्ड कपाटात आहे, तिथेच राहील.

यंदाचं रिझोल्यूशन: सहा नवी गाणी, चाळीस मेंबर. (सध्या सव्वीस. मागच्या बुधवारी अकरा आले. नाताळची सुट्टी.)

त्याच दिवशी, प्रॅक्टिसनंतर
धनाजीभाऊंना आज सांगावंच लागलं. नावड्याहून बाइकने येतात, खर्जात त्यांच्यासारखा आवाज नाही. पण मी सूर दिला की भाऊ खोकतात आणि मग हलकेच गुणगुणतात. दरवेळी. मी म्हटलं, भाऊ, सूर एकच माणूस देतो. ते म्हणाले, ताई, घशात कफ हाय. ज्येष्ठमध चघळायला सांगितलं.

१४ जानेवारी
गीतांजली पहिल्या रांगेत उभी राहून कमरेशी हात हलवत असते. ही माझ्याकडे नऊ वर्षांची असताना आली, आता महाप्यात टीम लीडर आहे. गाण्यात रंगून जाते बिचारी. मागच्यांचं लक्ष मात्र सारखं तिच्या हाताकडे. नवं घड्याळ असावं.

२१ जानेवारी
शहरातल्या सात वृंदांचा मेळावा २२ फेब्रुवारीला, वाशीला. यंदाचा 'वृंदगान सेवा गौरव' मला! आमच्या मेंबरांनी नाव एकमताने पाठवलं. एकमताने. पाण्याचा जार कोणी बदलायचा यावर आमच्यात बावीस वर्षांत एकमत झालेलं नाही.

ह्यांना सांगितलं. पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, अगं, शाल कोणाला देतात, माहिती आहे ना? मी म्हटलं, ज्यांनी काम केलं त्यांना. ते म्हणाले, केलं. बरोबर.

व्याकरणाच्या फार मागे लागतात.

२८ जानेवारी
भाषणात पंचवार्षिक योजना जाहीर करणार. मागच्या वर्षी ज्यांना गौरव मिळाला त्या बाईंना सल्ला विचारायला फोन केला. त्या आता गात नाहीत. गौरवानंतर वेळच मिळाला नाही म्हणाल्या. मग तासभर बोलल्या.

गीतांजली म्हणते, टीचर, त्या दिवशी तुम्ही स्टेजवर खुर्चीत बसायचं, आम्ही तुमच्यासाठी गाणार. मी विचारलं, आणि कंडक्ट कोण करणार? ती म्हणाली, करू आम्ही कसंतरी. कसंतरीच करतील.

४ फेब्रुवारी
ह्यांच्या हट्टापायी कानाच्या डॉक्टरांकडे. बाई तरुण, माझ्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, तुम्हाला सूर खरा असतो त्यापेक्षा खाली ऐकू येतो, वयाने होतं असं. अहो, शेजारच्या विमानतळावरून विमानं सुरू झाल्यापासून इथे कोणाचे कान जागेवर आहेत? तपासताना वरून एक गेलंही असेल. पुन्हा तपासून घ्यायचं ठरवलं.

११ फेब्रुवारी
तपासायला गेले नाही. मेळाव्याची गडबड.

आज तडजोड केली: खुर्चीत बसेन, हात हलवणार नाही, पण सूर मीच देणार. सगळे कार्पेटकडे बघायला लागले. मग गीतांजली म्हणाली, बरं टीचर, तुम्हीच द्या.

धनाजीभाऊंना बजावलं, त्या दिवशी खोकला नाही, गुणगुणणं नाही. ते म्हणाले, नक्की ना ताई? मी म्हटलं, नक्की. जिन्यात थांबून पुन्हा विचारलं, ताई, नक्की? किती हा धाक! शिस्त अशीच लागते.

२२ फेब्रुवारी, रविवार. वाशीहून परत
शाल, श्रीफळ, ट्रॉफी. मग माझी वंदना, मीच चार आवाजांत बसवलेली. खुर्चीतून सूर दिला. धनाजीभाऊ हुं की चूं नाही, शब्दाला जागले.

सव्वीसच्या सव्वीस जणांनी मी दिलेल्या सुरावर सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला वरच्या आवाजाच्या बायका चढेनात. एकीचा आवाज चिरकला, एकीने नुसतेच ओठ हलवले, मग सगळे थांबले. प्रेक्षकांत मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं.

हॉलची ॲकूस्टिक्स अत्यंत—

गीतांजलीने माझ्याकडे बघितलं नाही. खाली बघून सूर दिला, माझ्यापेक्षा बराच खाली, आणि हात उचलला. माझी वंदना मी समोर बसून कधी ऐकलीच नव्हती. चांगली आहे.

पार्किंगमध्ये धनाजीभाऊ हेल्मेट हातात घेऊन उभे. मी विचारलं, किती दिवस? दोन वर्सं झाली, ताई. सगळ्यांना माहीत होतं? म्हणाले, हा, पन कोनी बोल्लं नाय. मग म्हणाले, तुमी नक्की म्हनाल्या म्हनून गप ऱ्हायलो, नायतर मी खोकलो असतो ना ओ.

२५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ४
विसरायला नको म्हणून लिहून ठेवते.

क्लबहाऊसच्या कपाटाची किल्ली: गीतांजलीला. कीबोर्ड काढावा. त्याचा चार्जर उजवीकडच्या खणात, जुन्या बॅनरखाली.

गाण्यांच्या फाइली, बावीस: गीतांजलीलाच. खुणा माझ्या आहेत, खोडल्या तरी चालेल. वंदनेच्या वर मोठ्या अक्षरांत 'खालून घ्या' असं लिहिलंय. ते खोडू नये.

ट्रॉफी: धनाजीभाऊंना. नाव माझं कोरलेलं आहे, ते निघत नाही, विचारून बघितलं. भिंतीकडे तोंड करून ठेवावी. सोबत ज्येष्ठमधाचं पाकीट देऊ नये.

शाल: मागच्या वर्षीच्या बाईंना. त्यांना गारठा सोसत नाही असं फोनवर म्हणाल्या होत्या. त्यांची स्वतःचीही असेल, तरी.

नारळ: वडीसाठी फोडला.

पंचवार्षिक योजना, पाच पानं: पाठकोरी आहेत. वाण्याच्या यादीसाठी.

बुधवार, सहा ते आठ: ह्यांना देऊ केले. म्हणाले, त्या वेळी मी वॉकला असतो.